गुणाजी भोईरचं सपातीचं झाड

१५ एप्रिल १९५१, रविवार. रुपये तीन, आणे सहा.

या रकमेची पावती माझ्या हातची आहे. ठाण्यातल्या एका गिरणीचे गोरे साहेब कायमचे मायदेशी निघाले होते आणि त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. मी गिरणीत हिशेबाला होतो, म्हणून वस्तूंची यादी, बोली आणि पावत्या हे काम माझ्याकडे आलं. कपाटं, आरसे, वेताच्या खुर्च्या दुपारपर्यंत गेल्या. शेवटी कुंड्या राहिल्या. गुलाबांच्या एका वकिलांनी घेतल्या. एका कुंडीकडे मात्र कोणी वळेना. तिच्यात वीतभर लांबीची सहा-सात पानं होती, वरून करड्या-हिरव्या ठिपक्यांची, खालून जांभळट. बाकी काही नाही. कोणीतरी "गवत" म्हणालं. मी यादीत 'किरकोळ' असं लिहायला टाक उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तीन रुपये."

गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला रुमाल, आणि दोन्ही पायांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, असा एक पन्नाशीचा माणूस उभा होता. हा गुणाजी भोईर. बाळकुमचा राहणारा, मिठागरात काम करणारा. पावसाळ्यात मिठागर बंद असायचं तेव्हा तो या बंगल्यावर माळीकाम करी, आणि मिठाच्या दिवसांतही दर रविवारी येऊन कुंड्या बघून जाई.

"अरे, बोली आठ आण्यांपासून आहे," मी म्हणालो.

"असू द्या. तिची किंमत तीन रुपये हाय."

त्याने कनवटीला होतं ते सगळं माझ्या टेबलावर ओतलं. तीन रुपये सहा आणे भरले. मी वरचे सहा आणे परत सरकवले, तर म्हणाला, "ते कुंडीचे. कुंडी काय फुकट देता?"

एवढ्या मजुरीसाठी त्याला दोन दिवस खाऱ्या पाण्यात उभं राहावं लागत असे. म्हणून मी पावती देताना विचारलं की या गवतात आहे काय. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला खरं वाटलं नाही. आदल्या डिसेंबरात या झाडाला एक फूल आलं होतं. एकच. चार बोटं रुंद. मागे पांढरं पान, त्यावर हिरव्या रेघा आखून काढल्यासारख्या. दोन्ही बाजूंना गुलाबी पाकळ्या, त्यांवर काळे तीळ. आणि मधोमध, पाकळी म्हणावी तर पाकळी नव्हे, सपातीचा, म्हणजे घरात घालायच्या मऊ जोड्याचा, पुढचा भाग कापून लावावा तशी पिवळट पिशवी, तिच्यावर म्हाताऱ्याच्या हाताला असतात तशा शिरा. हे फूल दोन महिने राहिलं. वास नाही, मध नाही, कोमेजणं नाही.

"साहेबाला इचारलं, फूल खरं का मेणाचं? साहेब हसला. मंग मी रोज बगाया लागलो, कंदी पडतंय. पडंचना."

साहेब त्या झाडाचं इंग्रजी नाव सांगत असे, ते गुणाजीच्या तोंडी बसलं नाही. तो त्याला सपातीचं झाड म्हणे. पुढे आम्ही सगळेच म्हणू लागलो.

माझी सायकल तेव्हा बाळकुमकडे वरचेवर जाई, कारण मी तिकडून तांदूळ आणत असे. त्या निमित्ताने मी गुणाजीच्या ओटीवर बसू लागलो. घर कौलारू, पुढे ओटी, ओटीच्या उत्तरेला कुडाचा आडोसा करून त्याने कुंडी टांगली होती. साहेबाच्या व्हरांड्यात ती उत्तरेलाच होती म्हणून. साहेब दर तिसऱ्या दिवशी सकाळी एक तांब्या पाणी घालायला सांगे, म्हणून हाही दर तिसऱ्या दिवशी सकाळी एक तांब्या घाली. पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, हे साहेबाने सांगितलं होतं, तर हा धोतराच्या सोग्याने बेचकं टिपून घेई. कुंडीतलं विटांच्या तुकड्यांचं आणि कोळशाचं मिश्रणही त्याने बदललं नव्हतं.

झाड वाढत होतं, पण ते वाढतं आहे हे समजायला वर्ष लागे. गुणाजीने कुंडीच्या शिंकाळ्याला एक सुतळी बांधली होती. नवं पान आलं की सुतळीला एक गाठ. पहिल्या वर्षी दोन गाठी पडल्या, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. त्याची बायको बायजा ही सुतळी मला दाखवून म्हणायची, "बगा भाऊसाहेब. इतक्या दिसांत शेवग्याला शेंगा लागून, खाऊन, झाड पडून नवीन लावून जालं असतं."

"शेवगा कोनीपन लावतो," गुणाजी आतून म्हणे.

"मंग कोनीपन लावतो ते पोटात तरी जातं."

शेजारचा काळुराम त्याच मिठागरात मुकादम होता. तो संध्याकाळी जाता-येता ओटीपाशी थांबून विचारी, "गुणाजी, सपात आली का रं? आली तर सांग. पन एकच येनार का जोडी? एका पायात घालून काय लंगडी खेलशील?"

यावर गुणाजी उठून आत जाई. पायांचा विषय त्याला नको असायचा. तीस वर्षं मिठाच्या पाण्यात उभं राहून त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या आणि त्या आता भरून येत नव्हत्या. १९५४च्या मे महिन्यात एका बोटाचं नख निघून आत पू झाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी बोट वाचवलं आणि स्पष्ट सांगितलं, पुन्हा आगरात उतरलास तर बोट नाही, पाऊल जाईल. वय बावन्न. शेत अर्धा एकर, तेही भरतीचं पाणी शिरणारं. मूल एकच, मुलगी, ती कळव्याला दिलेली. पायांना पाणी न लागणारं काम शोधायचं, नाहीतर पाऊल घालवायचं, एवढं सरळ होतं.

त्याच साली मी गिरणी सोडून कोलशेतला नव्याने निघालेल्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात हिशेबनीस झालो होतो. कारखान्याचे व्यवस्थापक टिपणीस हे कल्याणचे. कलकत्त्याला बारा वर्षं काढून आलेले, हुशार, थोडे हट्टी. कचेरीसमोर हिरवळ आणि दोन्ही बाजूंना गुलाब असावेत असा त्यांचा आग्रह होता. हिरवळ लावली, ती पावसात उगवली आणि दिवाळीनंतर कडांनी तपकिरी होत आत सरकू लागली. टिपणिसांनी माळ्याला आळशी ठरवून काढून टाकलं. पुण्याच्या बागेत शिकलेला, दाखला असलेला सहदेव नावाचा दुसरा माणूस येणार म्हणून ठरत होतं. पगार साठ रुपये, कायम नोकरी.

मी जरा धीर करून म्हणालो, "साहेब, माझ्या पाहण्यात एक माणूस आहे. दाखला नाही. पण ऑर्किडचं झाड साडेतीन वर्षं जगवलंय त्याने."

टिपणिसांनी चष्मा काढला. "कुठलं ऑर्किड?"

मी वर्णन केलं. ते उठून उभेच राहिले. कलकत्त्याला त्यांच्या शेजारी आसामातून अशी झाडं आणणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडून टिपणीस बरंच शिकले होते. "ठिपक्यांचं पान? म्हणजे उष्ण हवेत टिकणाऱ्यांपैकी आहे ते. पण ठाण्यात! फुललं?"

"एकदा, साहेबांकडे. आता कळी धरली आहे."

ही कळी नोव्हेंबरात दिसली होती. गुणाजीनेच मला हाताला धरून नेऊन दाखवली, पानांच्या मधोमध, सुपारीच्या टोकाएवढी. टिपणीस म्हणाले, "असं करा. फूल उमललं की कुंडी घेऊन त्याला इकडे पाठवा. ज्याने हे ठाण्यात फुलवलं त्याला मी दाखला विचारणार नाही."

मी हे बाळकुमला जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून कुंडीपाशी झाडताना बायजा पाणी शिंपडून धूळ खाली बसवू लागली.

रविवार, ९ जानेवारी १९५५ रोजी फूल पूर्ण उमललं. मी सकाळीच गेलो. ओटीवर पाच-सहा माणसं होती आणि मला पाहताच सगळी अंगणाकडे बघू लागली, यावरून मला कल्पना आली.

फूल दोन बोटंसुद्धा रुंद नव्हतं. मागचं पांढरं पान वरून मुडपलं होतं. रेघा होत्या, पण धुतलेल्या कापडावरच्या शाईसारख्या. डावी पाकळी अर्धी उलगडून तशीच चिकटून राहिली होती. सपातीची पिशवी एका बाजूने बसलेली, भिजून वाळलेल्या चपलेसारखी. रंग म्हणाल तर फिक्या चहाचा. गुणाजीने शिंकाळं हळूच फिरवून फूल मागून पाहिलं, मग पुन्हा पुढून. कुठून तरी ते बरं दिसेल असं त्याला वाटत असावं.

काळुरामने तोंड उघडलं, पण त्याची बायको म्हणाली, "चला, कामं हायती," आणि त्याला घेऊन गेली.

"आज आहे, उद्या अजून उलगडेल," मी म्हणालो.

"नाय भाऊसाहेब. हे उमललं ते उमललं. साहेबाचं पयल्या दिशी होतं तेच सेवटच्या दिशी होतं." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "न्यायचं काय?"

"न्यायचं. लपवून काय करणार?"

सोमवारी गुणाजी कुंडी डोक्यावर घेऊन बाळकुमहून कोलशेतला चालत आला. टिपणिसांनी ती टेबलावर ठेवून घेतली, भिंग काढलं आणि बराच वेळ पाहिलं. ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

"पानांची टोकं जळलेली आहेत. ही केव्हापासून?"

"दर साली, साहेब. उन्हाल्यात जळतात. पावसात नवीन पान चांगलं येतं."

"खत कुठलं?"

"कायच नाय. साहेब घालत नव्हता."

"मासळीचा कुटा वगैरे? खरं सांग."

"आईशप्पथ नाय, साहेब. कुटा भेंडीला. हिला नाय."

टिपणिसांनी भिंग ठेवलं. "हे बघ, झाड रोगट नाही. कीड नाही. जागा, सावली तू म्हणतोस ती बरोबर. तरी असं फूल आलं. म्हणजे एक गोष्ट चुकते आहे. ती कोणती, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. मला माळी हवाय तो कारण सांगणारा. त्या बाहेरच्या गवताला काय झालंय हे आधीच्याला सांगता आलं नाही, म्हणून तो गेला. एप्रिलच्या एक तारखेला मी जागा भरणार. तोपर्यंत या फुलाचं कारण घेऊन ये. नाहीतर सहदेव येईल. आणि दुसरं एक लक्षात ठेव, ज्या फुटव्याला फूल येऊन गेलं त्याला पुन्हा येत नाही. शेजारचा फुटवा तयार व्हायला दोन-तीन वर्षं. तेव्हा पुन्हा फूल दाखवायची गोष्ट माझ्यापाशी करू नकोस."

बाहेर आल्यावर गुणाजीने कुंडी चढवून घेतली आणि एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, आगरात आता मिठाचे दिस हायेत. मी उतरू का नको?"

मी म्हणालो, "एप्रिलपर्यंत नको." हे सांगताना त्या तीन महिन्यांत ते दोघं खाणार काय याचा विचार मी केला नव्हता. बायजाने केला. ती रोज दुसऱ्यांच्या भाताच्या मळणीला जाऊ लागली.

पुढचे पाच-सहा रविवार आम्ही त्या कुंडीपुढे बसून काढले. सुरुवातीला फूल होतंच. गुणाजीने ते खुडलं नाही. "आलंय तर राहू दे की. त्याला कुठं माहीत, आपन कसं हाओत?" ते तेविसाव्या दिवशी गळलं, तोवर आम्ही त्याला पाहून घेतलं.

मी माझ्या सवयीप्रमाणे दोन्ही ठिकाणच्या गोष्टी शेजारी शेजारी मांडून विचारत गेलो. दिशा? तीच. कुंडी? तीच. आतला माल? तोच. ऊन? साहेबाचा व्हरांडा पत्र्याचा, उलट जास्त तापणारा. वेळ, तांब्या, दिवस? तेच.

"पाणी?" मी विचारलं.

गुणाजी माझ्याकडे पाहतच राहिला. "पानी म्हंजे?"

"साहेबांकडे नळाचं होतं. इथे विहिरीचं."

"इहीर कुठली ते इचारा की! गोडी इहीर हाय ती." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. गावात चार विहिरी, तीन खाऱ्या. चौथीला सगळे गोडी विहीर म्हणत आणि लग्नकार्यात, देवाच्या अभिषेकात तिचंच पाणी लागे. ओटीवर टेकलेला काळुराम म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या गोडीला नाव ठेवू नका हो. आमचे बापजादे तिच्यावर वाढले. तीस वर्सं मीठ पिकवतो आमी. खारं पानी आमाला वलकत नसंल तं मंग कोनाला?"

हे मलाही पटलं. मी स्वतः चार वर्षं त्या घरात ते पाणी पीत होतो. मला ते कधी खारट लागलं नव्हतं. पाणी हा मुद्दा मी सोडून दिला.

मग फेब्रुवारीत माझी लघवी तपासली गेली आणि डॉक्टरांनी साखर आणि गूळ बंद केला. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा ओटीवर टेकलो. बाळकुमला दारी आलेल्याला नुसतं पाणी देत नाहीत. आधी वाटीत गुळाचा खडा पुढे येतो, तो तोंडात टाकायचा आणि मग तांब्या उचलायचा. बायजाने वाटी ठेवली. मी म्हणालो, "आजपासून गूळ नाही हो बायजाबाई, डॉक्टरांची मनाई," आणि नुसतं पाणी प्यायलो.

पहिल्याच घोटाला मी थांबलो. पाणी मचूळ होतं. फार नाही. पण पोहणाऱ्याच्या तोंडात खाडीचं पाणी जाऊन गेल्यावर मागे चव राहते, तशी होती. मी दुसरा घोट घेतला. तीच चव. चार वर्षं मी दर वेळी आधी गूळ खाऊन हे पाणी पीत आलो होतो.

बोलावं की नाही, मला कळेना. बायजा माझ्याकडेच बघत होती.

"तोंड का केलंत तसं?"

"काही नाही."

"काय नाय कसं? सांगा की."

"पाणी जरा... मचूळ आहे का हो?"

गुणाजी आतून बाहेर आला. मला वाटलं, आता उठून जावं लागणार. पण बायजा खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मना लागायचं."

"कंदी?" गुणाजीने विचारलं.

"लगीन होऊन आले तवा. आमचं म्हायेर कल्यानच्या वर, नदीकाठी. तिथलं पानी असं नव्हतं. पयल्या वर्साला माझी डाल शिजंना. सासू बोलायची, हिला डाल शिजवता येत नाय. मी म्हनलं, पानी खारं हाय. तं तुमची आय म्हनली, गोड्या इहिरीला खारी म्हनतेस? मंग मी बोलायचं सोडलं. मंग लागायचंपन बंद जालं."

"आनी मना नाय बोललीस?"

"तीस वर्सांनी काय बोलू?"

गुणाजीने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि एक घोट तोंडात धरला. डोळे मिटून बराच वेळ फिरवला. मग थुंकून म्हणाला, "मना काय लागत नाय." तो चिडला नव्हता. त्याला नवल वाटत होतं. मिठाचं पाणी कधी तयार होतं ते तो जिभेवर थेंब ठेवून सांगत असे, मुकादमसुद्धा त्याला विचारून पाणी अडवायची फळी टाकी. त्या जिभेला हे लागत नव्हतं.

तो उठून कुंडीपाशी गेला. मातीच्या कुंडीच्या काठाला आणि बाहेरून खालच्या अंगाला पांढरी पुटं धरली होती. ती आम्ही सगळ्यांनीच रोज पाहिली होती. मी ती कुंडीच्या मातीतली चुनखडी समजत होतो. गुणाजीने काय समजून सोडून दिली होती, ते त्याने सांगितलं नाही. त्याने नखाने थोडी खरवडली आणि जिभेवर ठेवली.

त्याने पुन्हा खरवडली आणि पुन्हा चाखली.

"काय झालं?" बायजाने विचारलं.

"मीठ," तो म्हणाला. आणि मग हसायलाच लागला. "भाऊसाहेब, मी कुंडीत आगर लावलं! दर तिसऱ्या दिशी पानी सोडतोय, पानी उडून जातंय, मीठ राहतंय. दुसरं आगरात काय करतो आमी? हेच करतो! इथं मातर सावलीत बसून केलं."

म्हणूनच पावसाळ्यात झाड सावरत होतं. वळचणीचं पाणी कुंडीत पडून मीठ धुऊन जाई आणि नवं पान येई. मिठाच्या दिवसांत ते पुन्हा साठे, आणि कळी नेमकी त्याच दिवसांत धरायची.

मला वाटलं, कारण सापडलं, आता टिपणिसांना सांगून टाकू. पण गुणाजी तयार नव्हता. "माझ्या जिभंला नाय लागलं, तुमच्या जिभंला लागलं. साहेब कोनाची जीभ धरनार? दिसंल असं पायजे."

त्याने दोन कल्हईच्या पराती ओटीसमोर उन्हात मांडल्या, एक घरची, एक काळुरामकडची. एकीत रोज गोड्या विहिरीचं एक तांब्या पाणी, दुसरीत त्याच तांब्याने ठाण्याच्या नळाचं. नळाचं पाणी मी सायकलला दोन डबे बांधून नेत असे. आदल्या दिवशीचं आटलं की दुसऱ्या दिवशीचं घालायचं, अगदी आगरात एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी सोडतात तसं. काळुराम पहिल्या दिवशी चेष्टा करून गेला. पाचव्या दिवशी तो परातीवर वाकून पाहत होता. दहाव्या दिवशी विहिरीच्या परातीत कडेने पापुद्रा धरला, तेव्हा तो म्हणाला, "धरलं की रं," आणि त्यानेच पापुद्रा मोडू नये म्हणून दोन्ही परातींवर कावळ्यांपासून काट्या आडव्या टाकल्या.

पंधरा तांबे झाल्यावर, मार्चच्या अठ्ठावीस तारखेला, आम्ही दोन्ही पराती झाकून कारखान्यात नेल्या. टपालाच्या काट्यावर विहिरीच्या परातीतलं मीठ सव्वा तोळा भरलं. नळाच्या परातीत फक्त पांढरट डाग होता, काट्यावर घेण्यासारखं काही नव्हतं. टिपणिसांनी दोन्हींत बोट फिरवून चाखलं. मग ते खिडकीपाशी गेले.

"आपली इथली विहीर?"

"त्याच पट्ट्यातली, साहेब. मी मघाशी येताना बघून आलो. हितली जास्त असंल. खाडी जवल हाय."

"म्हणजे हिरवळ..."

"माझी कुंडी ल्हान, तुमची मोठी," गुणाजी म्हणाला, आणि बोलून गेल्यावर घाबरून माझ्याकडे पाहिलं.

टिपणीस खिडकीतून हिरवळीकडे पाहत राहिले. काढून टाकलेल्या माळ्याची आठवण त्यांना झाली असावी. त्यांनी एवढंच विचारलं, "मग इथे काय लावायचं?"

"कन्हेर लावा. भेंड लावा, उंडी लावा. खाली सदाफुली. हे खाऱ्यावर जगतं. गुलाब नको."

"आणि हिरवळ?"

"पावसात हाय ना आपोआप."

नोकरीचा निकाल मी अपेक्षिला होता तसा लागला नाही. मार्च संपत आला तरी कारण आलं नाही, म्हणून टिपणिसांनी सहदेवला आदल्या आठवड्यातच पत्र पाठवून बोलावलं होतं आणि ते लेखी शब्द फिरवणारे नव्हते. साठ रुपयांची जागा सहदेवला मिळाली. गुणाजीसाठी त्यांनी दुसऱ्या माळ्याची जागा काढली, बेचाळीस रुपये, कायम, शिवाय कारखान्याकडून कातडी बूट. मी ही तफावत गुणाजीला जरा संकोचाने सांगितली. तो म्हणाला, "बूट सुके राहतील ना? मंग बास." सहदेव वयाने धाकटा. पहिल्या आठवड्यात तो गुणाजीला हुकूम सोडी, दुसऱ्या महिन्यापासून पाणी घालण्याआधी त्याला विचारू लागला.

बाळकुमला या सगळ्याचा एकच परिणाम झाला. गोड्या विहिरीला अजूनही सगळे गोडीच म्हणतात आणि पाहुण्याला अजूनही आधी गूळ मिळतो. बायजा मात्र डाळ आता पावसाच्या साठवलेल्या पाण्यात शिजवते आणि ती कशी शिजते हे दाखवायला मला थांबवून घेते. सासू जाऊन वीस वर्षं झाली. ती असती तर तिला पहिलं ताट वाढलं असतं, असं बायजा म्हणते. हे ती रागाने म्हणते की कसं, ते मला कधी नीट कळलं नाही.

झाडाचं म्हणाल तर १९५५च्या जूनमध्ये गुणाजीने कुंडी बदलली, मुळं पावळणीच्या धारेखाली धरून धुतली आणि नव्या विटा-कोळशात लावलं. फूल येऊन गेलेला फुटवा वर्षभरात सुकला. ऑगस्टात शेजारून नवा निघाला. त्याच्या गाठी नव्या सुतळीवर आहेत. या जानेवारीत, म्हणजे १९५८ साली, त्याला फूल आलं. तीन बोटं आणि थोडं वर. सपात दोन्हीकडून भरलेली, रेघा स्वच्छ, फक्त उजवी पाकळी किंचित खाली झुकलेली. साहेबाच्या फुलाएवढं नाही, हे गुणाजीनेच आधी सांगितलं. ती पाकळी का झुकली, यावर आम्ही दोघांनी तीन रविवार घालवले. माझं म्हणणं वाऱ्याचं, त्याचं म्हणणं कुंडी टांगताना कोन बदलल्याचं. टिपणीस पाहून गेले, त्यांचं म्हणणं तिसरंच आहे. पुढचा फुटवा निघाला की एकेक गोष्ट बदलून बघायचं ठरलं आहे. मी पुढल्या मार्चमध्ये निवृत्त होतो, तेव्हा वेळ भरपूर असेल.

पावसाचं पाणी आठ महिने पुरवायला गुणाजीने कारखान्यातून नापास झालेल्या बारा मोठ्या बरण्या घेतल्या. दर नगाला पाच आणे. अकरा बरण्यांचे पैसे त्याच्या पगारातून वळते झाले आहेत. बाराव्या बरणीचे पाच आणे, म्हणजे आताचे एकतीस नये पैसे, अजून येणे आहेत.